क्यू भरला तर काय, हे आधी ठरवा

“मॅडम, पावतीवर अठरा टन चारशे साठ हाय आणि मोबाइलवर आठ टन चारशे साठ आलंय. शेतकरी हितंच बसलाय, उठंना झालाय.”

साखर कारखान्याच्या काट्यावरून हा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि गळीत हंगाम ऐन भरात होता. काट्याशेजारच्या खोलीत आमचा एक डबा भिंतीला ठोकलेला आहे. काट्याचा इंडिकेटर सिरिअल लाइनवर वजनाचे आकडे अखंड ओकत असतो. डबा ते ऐकतो, क्लार्कने बटण दाबलं की एक वजन पकडतो, एसडी कार्डावर लिहितो आणि जीएसएम मॉडेममधून शेतकऱ्याला मेसेज धाडतो. पावती कारखान्याच्या कॉम्प्युटरवरून निघते, म्हणून पैशाचा हिशेब शाबूत होता. पण मेसेजमधला दहा टन ऊस गायब होता, आणि तो माझ्याच फर्मवेअरने, म्हणजे डब्यातल्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने, गिळला होता.

तो कुठे गेला ते पुढे सांगते. आधी क्यू बांधू, म्हणजे आलेले बाइट काम होईपर्यंत ओळीने थांबवून ठेवणारी रांग. ही चूक कळायला क्यू कुठून सुरू होतो हे माहीत असावं लागतं, आणि नेमकं तेच मी विसरले होते.

डब्यात एसटीएम३२एफ१०३सी८ आहे, बाजारात ‘ब्लू पिल’ बोर्डावर मिळते तीच चिप. ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. पहिल्या आवृत्तीत मी प्रत्येक फ्रेमसाठी (इंडिकेटर एका वजनासाठी पाठवतो तो बाइटचा गट) मॅलॉकने, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये मेमरी मागायच्या सी फंक्शनने, जागा घेऊन लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तुकड्यांची साखळी, केली होती. कॉलेजात तशीच शिकवलेली. शिरोलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर ती दिवसभर छान चालली, काट्यावर तिसऱ्या रात्री झोपली. लहानमोठे तुकडे घेत-सोडत गेलं की हीपची, म्हणजे ज्यातून हे तुकडे मिळतात त्या मेमरीची, चाळण होते. एकूण जागा शिल्लक दिसते, पण सलग तुकडा मिळत नाही. त्यात मॅलॉक इंटरप्टमधून, म्हणजे बाइट आला की चालू काम थांबवून पळणाऱ्या छोट्या कोडमधून, बोलवायची गोष्टच नाही. सुरक्षित सी कोडसाठीच्या मिस्रा सी:२०१२ या नियमावलीत मॅलॉक आणि जागा परत करणारं फ्री या दोन्हींवर बंदी घालणारा २१.३ हा नियम उगाच नाही. तेव्हापासून आमच्याकडे सगळे क्यू कंपाइलच्या वेळीच ठरावीक आकाराचे असतात. जागा नसेल तर लिंकर, म्हणजे प्रोग्रॅमचे भाग जोडून मेमरीत बसवणारं टूल, आपल्या टेबलावर बोंबलतो, काट्यावर मध्यरात्री नाही.

क्यूची रचना सोपी आहे. रहाटगाडगं डोळ्यापुढे आणा, फक्त इथे चाक जागच्या जागी उभं असतं आणि माणसं फिरतात. एक जण गाडग्यांत पाणी ओतत पुढे जातो, त्याच्या जागेला हेड म्हणायचं. दुसरा मागून गाडगी रिकामी करत येतो, ती टेल. शेवटच्या गाडग्यानंतर पुन्हा पहिलं. इंटरप्ट ओततो, मुख्य लूप रिकामं करतं.

लगेच प्रश्न येतो. हेड आणि टेल एकाच गाडग्यावर आले, तर क्यू रिकामा आहे की भरलेला? यावर दोन उपाय रूढ आहेत. एक म्हणजे एक गाडगं कायम रिकामं ठेवायचं. रस्ट भाषेच्या हीपलेस लायब्ररीतल्या एसपीएससी (एकच टाकणारा, एकच काढणारा) क्यूला १६ आकार दिला तर त्यात १५ मावतात, ते याचमुळे. माझा कल दुसऱ्या उपायाकडे आहे. हेड आणि टेल हे घराचे नंबर न मानता नुसते मोजणीचे आकडे मानायचे. आजवर किती टाकले, आजवर किती काढले. ते कधी शून्यावर आणायचे नाहीत, वाढत जाऊ द्यायचे. त्यांची वजाबाकी म्हणजे आत किती आहेत. घराचा नंबर हवा तेव्हा मास्क लावून, म्हणजे आकड्याचे फक्त खालचे बिट ठेवून, काढायचा, त्यासाठी आकार २च्या घातात हवा.

टाक(बाइट):
    जर (हेड - टेल) == ५१२ असेल तर
        गळालेले = गळालेले + १
        तुटलं = होय
        परत फीर
    साठा[हेड & ५११] = बाइट
    -- अडसर --
    हेड = हेड + १

काढ():
    जर हेड == टेल असेल तर "रिकामा" सांगून परत फीर
    बाइट = साठा[टेल & ५११]
    -- अडसर --
    टेल = टेल + १
    बाइट परत दे

३२ बिटांचा अनसाइन्ड आकडा कमाल किमतीवरून शून्यावर उलटला तरी वजाबाकी बरोबरच येते. पण इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडून आले आहे. रॅम वाचवायला मी हेड-टेल १६ बिटांचे केले. सी भाषा वजाबाकीच्या आधी लहान आकड्यांना गुपचूप इंटमध्ये, म्हणजे उणेही होऊ शकणाऱ्या मोठ्या आकड्यात, चढवते. हेड ५ आणि टेल ६५५३०, म्हणजे आत ११ बाइट आहेत, पण उत्तर येतं उणे ६५५२५. म्हणून उत्तराला पुन्हा १६ बिटांच्या अनसाइन्डमध्ये कास्ट करावं लागतं. ३२ बिटांच्या चिपवर तर सरळ ३२ बिटच घ्या, चार बाइट वाचवून काय बंगला बांधायचाय?

अर्डुइनो उनोवर हिशेब वेगळा. तिथला एटीमेगा३२८पी ८ बिटांचा, रॅम २ केबी. १६ बिटांचं हेड तो दोन घासांत वाचतो. मुख्य लूपने खालचा घास वाचला तेव्हा हेड २५५ होतं, मध्येच इंटरप्ट येऊन ते २५६ झालं, मग वरचा घास वाचला, की हातात ५११ येतं. हा आकडा कुणी कधी लिहिलेलाच नव्हता! तिथे एक तर वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करा, नाहीतर हेड-टेल ८ बिटांचे ठेवा आणि क्यू १२८ पर्यंतच. २५६चा केलात तर भरलेल्या क्यूची वजाबाकीही शून्यच येईल.

आता तो अडसर. साठ्यात बाइट आधी पडला पाहिजे आणि हेड नंतर पुढे सरकलं पाहिजे. उलटं झालं तर काढणाऱ्याला गाडगं भरल्याची बातमी आधी आणि पाणी मागून. आपण ओळी क्रमाने लिहितो म्हणून कंपाइलर त्याच क्रमाने चालेल असं नाही. हेडला व्होलाटाइल (‘ही किंमत दरवेळी मेमरीतच वाच-लिही’ असं कंपाइलरला सांगणारा शब्द) लावलं की झालं, असं पुष्कळ जण मानतात. व्होलाटाइल दुसऱ्या व्होलाटाइलशी क्रम राखतं. साठा साधा अॅरे असेल तर त्याच्यावरची लिखापढी कंपाइलर हेडच्या पलीकडे सरकवू शकतो. आमच्या चिपमधल्या एका कोअरच्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरवर कंपाइलर बॅरिअर, म्हणजे ‘इथे क्रम बदलू नको’ अशी कंपाइलरला ताकीद, पुरतो. सी११ची अॅटॉमिक्स वापरून हेड रिलीजने लिहिलं आणि अॅक्वायरने वाचलं तर उत्तमच. आरपी२०४० सारख्या दोन कोअरच्या चिपवर दोन्ही कोअर एकच क्यू वापरणार असतील, तर डीएमबी ही हार्डवेअरची सूचनाही लागते.

या सगळ्याला एक अट आहे. हेडला फक्त टाकणारा हात लावेल, टेलला फक्त काढणारा. दोन इंटरप्ट एकाच क्यूत टाकायला लागले की हा हिशेब मोडला. अशा वेळी कुलूप शोधत बसण्यापेक्षा मी दोन क्यू करते.

क्षमता किती ठेवायची? इथे बहुतेक जण ६४ किंवा १२८ लिहून मोकळे होतात. मी कागदावर दोनच आकडे मांडते. टाकणारा जास्तीत जास्त किती वेगाने टाकेल, आणि काढणारा सलग जास्तीत जास्त किती वेळ गैरहजर राहील.

आमच्या लाइनचा वेग ९६०० बॉड. स्टार्ट आणि स्टॉप धरून बाइटमागे १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. इंडिकेटर प्रत्यक्षात सेकंदाला १० फ्रेम पाठवतो, प्रत्येकी १२ बाइटची, म्हणजे १२०च. पण त्याच्या मेनूत कुणीतरी बोट घालून वेग वाढवू शकतं, म्हणून मोजताना मी लाइनचा आकडा धरते. काढणारा सर्वांत जास्त अडकतो तो एसडी कार्डावर लिहिताना. एसडीएचसी कार्डाला एका लिखाणात २५० मिलिसेकंदांपर्यंत ‘बिझी’ राहायची मुभा स्पेसिफिकेशननेच दिली आहे. एरवी ते एक-दोन मिलिसेकंदांत उरकतं, म्हणून टेबलावर कधी कळत नाही. ९६० गुणिले पाव सेकंद, झाले २४०. २५६ घेतले तर १६ बाइटची सवड उरते. लूपमध्ये डिस्प्ले आहे, बटणं आहेत, मॉडेम आहे. मी ५१२ घेतले. २० केबीत अर्धा केबी परवडतो.

मात्र काढणाऱ्याचा सरासरी वेगच टाकणाऱ्यापेक्षा कमी असेल, तर ५१२ काय नि ५००० काय. कारखान्याच्या यार्डातही तेच असतं. गव्हाणीत ऊस पडण्याचा वेग गाड्या येण्याच्या वेगाहून कमी असेल, तर यार्ड कितीही ऐसपैस करा, ट्रॅक्टर शेवटी डांबरी रस्त्यावर उभे राहणारच. यार्ड तास-दोन तासांची लाट झेलायला असतं. क्यूचंही काम तेवढंच.

मोजून घेतलेला क्यूही एखाद दिवशी भरतोच. तेव्हा काय करायचं हे आत काय आहे त्यावर ठरतं, आणि हे कोड लिहायच्या आधी ठरवायचं असतं. आमच्या एका डब्यात याची तीन उत्तरं आहेत.

इंडिकेटरकडून येणाऱ्या बाइटच्या क्यूत नवा बाइट टाकून द्यायचा. जुना टाकून नव्याला जागा देणं जास्त शहाणपणाचं वाटतं, पण त्यासाठी इंटरप्टला टेल सरकवावी लागेल, आणि टेल त्याची नाही. नवा टाकला की मोजायचा आणि ‘तुटलं’ हा झेंडा वर करायचा. एक बाइट गेला म्हणजे फक्त एक बाइट गेला असं नसतं, त्या फ्रेमचा अर्थच गेला. मुख्य लूपने झेंडा पाहिला की आधी झेंडा खाली, मग क्यू पूर्ण रिकामा, मग पुढच्या एसटीएक्सची, म्हणजे फ्रेमची सुरुवात सांगणाऱ्या बाइटची, वाट. क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिकामा करून मग झेंडा उतरवलात, तर मधल्या क्षणी तुटलेली फ्रेम तुमच्या लेखी धडधाकट ठरते.

मेसेजच्या क्यूत काहीच टाकून द्यायचं नाही, कारण तिथे माणसाचा ऊस आहे. मॉडेमला रेंज नसली तर दोन तास मेसेज जात नाहीत, आणि दोन तासांची वजनं रॅममध्ये साठवू म्हणणं हा अडाणीपणा आहे. वजन आधी कार्डावर जातं. क्यूत फक्त त्या नोंदीचा क्रमांक असतो, तोही १६ जागांचा. क्यू भरला तर क्रमांक आत जात नाही, मॉडेम मोकळा झाला की डबा शेवटच्या पाठवलेल्या नोंदीपासून कार्ड वाचत पुढे जातो. हरवत काही नाही, उशीर होतो.

बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेला मात्र क्यूच नको. ट्रॅक्टरवाल्याला आत्ताचं वजन बघायचंय, अर्ध्या सेकंदापूर्वीचं रांगेतून आलेलं नाही. तिथे ३२ बिटांचं एक व्हेरिएबल आहे, नवं आलं की जुन्यावर. कॉर्टेक्स-एम३ वर ते एका घासात लिहिलं जातं. फ्रीआरटीओएस (लहान चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) वापरत असाल तर एक लांबीचा क्यू आणि ओव्हरराइटचं फंक्शन हेच काम करतं. फ्रीआरटीओएसचा विषय निघालाच आहे तर, त्याचा क्यू माल कॉपी करून ठेवतो, म्हणून मोठी स्ट्रक्चर्स त्यात कोंबू नका. इंटरप्टमधून टाकताना नावाच्या शेवटी ‘फ्रॉमआयएसआर’ असलेलीच फंक्शन्स वापरा. आणि नुसते बाइट वाहायचे असतील तर आवृत्ती १० पासून आलेला स्ट्रीम बफर जास्त हलका पडतो.

आता त्या दहा टनांकडे.

दुसऱ्या दिवशी काट्यावर जाऊन मी गळालेल्यांची मोजणी पाहिली. शून्य. क्यू एकदाही भरला नव्हता. मागचे मेसेज कार्डाशी आणि पावत्यांशी पडताळले तर पंधरा दिवसांत अशा तीन नोंदी सापडल्या, तिन्हींत पुढचे आकडे खाल्लेले. क्लार्कने चहा मागवला आणि मला धीर द्यायला म्हणाला, “तीनच हायत की, मॅडम.”

बटण दाबलं की माझं फर्मवेअर आधी पावतीचा अनुक्रमांक फ्लॅशमध्ये जपून ठेवायचं आणि मग येणारी पहिली पूर्ण फ्रेम पकडायचं. या चिपमध्ये ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी छोटी मेमरी) नाही, म्हणून फ्लॅशचंच एक पान वापरत होते. पान १ केबीचं, नोंद ४ बाइटची, म्हणजे साधारण २५६ वजनांनंतर पान भरतं आणि पुसावं लागतं. दिवसाला नऊशेच्या आसपास वजनं होतात, म्हणजे पुसणं तीन-चार वेळा. एक पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून सूचना वाचता येत नाहीत. इंटरप्टचा कोडही फ्लॅशमध्येच! म्हणजे माझा टाकणाराच झोपला होता. क्यूत जागा भरपूर, पण दारापर्यंत माल आणणारा हमाल जागचा हलत नाही.

त्या वेळात यूएसएआर्टमध्ये, म्हणजे सिरिअल लाइनवरून बाइट घेणाऱ्या चिपच्या भागात, काय होतं ते बघण्यासारखं आहे. त्याच्या हाताशी एकच बाइटचं रजिस्टर आहे. ते कुणी वाचलं नाही आणि पुढचा बाइट आला, तर ओव्हररनचा बिट वर होतो. पण रजिस्टरमधला जुना बाइट तसाच राहतो, मागून येणारे एकावर एक पडून जातात. माझ्या फ्रेममध्ये आधी एसटीएक्स, मग ०, १, ८, ४, ६, ० असे आकडे. पुसणं चालू असताना एसटीएक्स येऊन रजिस्टरमध्ये बसला, मागचे ० आणि १ हवेत विरले, तेवढ्यात प्रोसेसर जागा झाला. त्याने एसटीएक्स उचलला, मग ८४६० उचलले, मग फ्रेमचा शेवट सांगणारा सीआर. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर. फ्रेम वाचून वजन काढणारा माझा पार्सर खूश. ८,४६० किलो.

पुसणं नेमकं त्या एक-दोन मिलिसेकंदांत संपलं तरच हे घडतं, म्हणून पंधरवड्यात तीनदा. कॅलेंडरवर गोल करून ठेवले तरी टेबलावर हे पकडता आलं नसतं.

यावर चार दुरुस्त्या केल्या. फ्रेमची लांबी तपासायला लागले, ते पहिल्या दिवसापासूनच हवं होतं. ओव्हररनचा बिट वर दिसला की तोही मोजायचा आणि तोच ‘तुटलं’ झेंडा वर करायचा. अनुक्रमांक वजन पकडल्यानंतर जपायचा. आणि सगळ्यात मोठी दुरुस्ती म्हणजे टाकायचं काम इंटरप्टकडून काढून डीएमएकडे, म्हणजे प्रोसेसरला न विचारता मेमरीत माल टाकणाऱ्या चिपच्या भागाकडे, दिलं. यूएसएआर्ट१च्या रिसीव्हला डीएमए१चा चॅनल ५ जोडलेला असतो. त्याला सर्क्युलर मोडमध्ये ५१२ बाइटचा साठा दिला की तो रॅममध्ये लिहीत गोल फिरत राहतो. फ्लॅश पुसली जात असली तरी त्याला फरक पडत नाही, त्याला कोड वाचायचाच नसतो.

डीएमए मात्र दांडगा आहे. क्यू भरलाय का हे तो विचारत नाही, काढणाऱ्याच्या डोक्यावरून पुढे निघून जातो. हेड कुठे आहे ते त्याच्या उरलेल्या मोजणीच्या रजिस्टरवरून कळतं, पण त्यावरून फेरा कितवा ते कळत नाही. म्हणून अर्ध्यावर आणि पूर्ण झाल्यावर येणाऱ्या इंटरप्टमध्ये मी फेऱ्या मोजते. ९६० च्या वेगाने ५१२ बाइटचा फेरा ५३३ मिलिसेकंदांत होतो. ४० मिलिसेकंदांची झोप आणि कार्डाचे २५० दोन्ही त्यात बसतात.

तपासणीसाठी माझी जुनी खोड अशी की क्यूचा आकार एक दिवस ४ करून ठेवायचा. मग भरलेल्या क्यूचा कोड मिनिटाला दहादा पळतो आणि त्यातली लबाडी उघडी पडते. हेड आणि टेल शून्यापासून सुरू न करता कमाल किमतीच्या २० खाली सुरू करायचे, म्हणजे आकडा उलटायची वाट पाहत बसावं लागत नाही. बाकी एक छोटी गोष्ट, काढताना आत किती आहेत ते मोजलेलं असतंच, त्यातला आजवरचा सर्वांत मोठा आकडा जपून ठेवायचा. आमच्या डब्यात मेनूचं बटण पाच सेकंद दाबलं की तीन आकडे दिसतात. क्यूचा उच्चांक, गळालेले, ओव्हररन. दर सोमवारी क्लार्क ते मला फोनवर वाचून दाखवतो. “छत्तीस, शून्य, शून्य,” हे आता आमच्यात रामराम झाल्यासारखं झालंय.

मागच्या महिन्यात एका सोमवारी म्हणाला, “एकशे सत्त्याऐंशी, शून्य, शून्य.” सेकंदाला १२० बाइट धरले तर काढणारा दीड सेकंद अडकला होता. मी विचारलं, डब्याला कुणी हात लावला का?

“डब्याला न्हाई, मॅडम. कार्ड तेवढं बदललंय. माझ्या जुन्या मोबाइलातलं हाय, गाणी बी हायत त्यात.”